खाचेला खाच

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज अण्णांच्या दाढीचा असायचा. पहिल्या पाळीची बस सहाला कोपऱ्यावर यायची, म्हणून ते पाचला उठत. मोरीच्या खिडकीत आरसा टेकवलेला, जर्मनच्या भांड्यात ऊन पाणी, वाटीत गोल साबण. ब्रश वाटीत फिरायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती खरखर. गालावर लांब, हनुवटीशी आखूड, गळ्याखाली जवळजवळ ऐकूच न येणारी. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, आता डावा गाल झाला, आता मिशीच्या कडेला आलेत. शेवटी रेझर पाण्यात खळबळवायचा आणि भांड्याच्या काठावर दोनदा टकटक. त्यानंतर तुरटी.

तो रेझर अजून आहे. पितळेचा. मुलामा जिथे जिथे बोटं लागतात तिथे उडालाय आणि खालचं पिवळं दिसतं. तीन तुकड्यांचा साधा रेझर: वरची टोपी, तिच्या पोटात दोन खुंट्या आणि मधोमध आटे पाडलेली कांडी. तिच्यावर पातं, पात्याखाली प्लेट, आणि सगळ्यांना मिळून आवळून धरणारा दांडा. अण्णांनी तो नोकरीच्या पहिल्या वर्षी, 1971 साली घेतला. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ते फिटर होते. निवृत्त होईपर्यंत तिथेच.

मी स्वतः कॉलेजपासून दोन पात्यांचे, तीन पात्यांचे, फेकून द्यायचे रेझर वापरत आलो. बँकेची नोकरी, सकाळची घाई. अण्णांच्या रेझरला हात लावायची वेळ माझ्यावर तीन वर्षांपूर्वी आली, आणि ती अशी आली की काही शिकायला उसंतच नव्हती.

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग सांभाळतो, म्हणून दोन्ही एकदम जातात. त्यांना समजतं, पण शब्द जुळत नाहीत. दोनच उरले होते: ‘हं’ आणि ‘राहू दे’. पाणी हवं असलं तरी ‘राहू दे’, पंखा बंद करायचा असला तरी ‘राहू दे’. कुठलं ‘राहू दे’ कशासाठी, हे आई त्यांच्या डोळ्यांकडे बघून ओळखायची. मला ते जमायला बरेच महिने लागले.

दवाखान्यातले 19 दिवस दाढी वाढली. अण्णांच्या गालावर पांढरी दाढी मी पहिल्यांदाच पाहिली. घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची बोटं गालावरून खालून वर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढं मात्र मला लगेच कळलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, मशीनने दाढी करा. हा सल्ला बरोबर आहे आणि घरात असं आजारपण असेल त्याने तोच मानावा. मी ट्रिमर आणला, चार दिवस फिरवला. अण्णा डोळे मिटून, तोंड आवळून बसायचे आणि झाल्यावर बोटं गालावर फिरवून हात खाली टाकायचे. पाचव्या दिवशी त्यांनी ट्रिमर हातानेच दूर सारला. मी पुन्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हात हलका ठेवा, एकदाच फिरवा, मान सांभाळा.

म्हणून मोरीच्या फळीवरचा तो रेझर काढला. 19 दिवसांत त्याच्यावर पांढरा थर बसला होता. आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, नळाच्या तोटीवर, बादलीवर, सगळीकडे क्षार धरतात. मी रेझर मोकळा केला, गरम पाण्यात टाकला, दातांच्या ब्रशने वरवर घासला, नवं पातं घातलं आणि दांडा घट्ट आवळला. इतकं करताना मी काय बिघडवलं हे मला पुढचे सात-आठ आठवडे कळणार नव्हतं.

*

दुसऱ्याची दाढी करणं हे स्वतःची करण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. स्वतःची करताना गाल आतून जिभेने फुगवतो, ओठ ताणतो, मान वळवतो, आणि हे सगळं आपण करतो हेही आपल्या लक्षात नसतं. अण्णांचा उजवा गाल यातलं काहीच करू शकत नव्हता. तो सैल लोंबायचा. मी डाव्या हाताची दोन बोटं कानापाशी ठेवून कातडी वर ओढून धरायचो आणि मग रेझर खाली आणायचो. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती टिपायची. त्यांना पाठीशी तीन उशा देऊन ताठ बसवायचं, नाहीतर फेसाचं पाणी तोंडात जाऊन ठसका लागायचा.

पहिल्याच दिवशी उजव्या गालावर कापलं. खोल नव्हतं, पण रक्त थांबता थांबेना. तुरटी लावली, कापूस दाबून धरला, वीस मिनिटं गेली. मी मनाशी म्हटलं, कातडी सैल आहे, होणारच. दुसऱ्या दिवशी अधिक ताणून धरली. त्या दिवशी उजवीकडे काही झालं नाही, पण डाव्या, चांगल्या गालावर लाल पट्टा उठला. तिसऱ्या दिवशी दोन्ही गाल बरे, पण खुंट तसेच राहिले, म्हणून मी रेझर जरा दाबून फिरवला आणि गळ्यापाशी कापलं.

असं चाललं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी काहीच नाही. ज्या चुकीला नियम नसतो तिचं कारण माणूस स्वतःच्या हातात शोधतो. मी हात बदलून पाहिला, पाणी जास्त गरम केलं, ब्रश जास्त वेळ फिरवला, पात्याची कंपनी बदलली. आई दारात उभी राहायची आणि काही बोलायची नाही. अण्णाही बोलू शकत नव्हते, पण मधेच डावा हात वर करायचे आणि पंजा पालथा-उताणा, पालथा-उताणा करायचे. मला वाटायचं, दुसरा गाल घे म्हणतायत. मी दुसरा गाल घ्यायचो. ते म्हणायचे, ‘राहू दे.’ मी थांबायचो, तर डोळ्यांत राग.

मग एका रविवारी आवाजाकडे लक्ष गेलं. घर शांत होतं, टीव्ही बंद, खाली सोसायटीत कुणी नाही. एक फटकारा ओढला: जेमतेम आवाज. फेस भरला म्हणून रेझर उलटा केला, दुसऱ्या बाजूने ओढला: खर्रर्र. पुन्हा पहिली बाजू: गप्प. पुन्हा दुसरी: खर्रर्र. लहानपणी अंथरुणातून ऐकलेला आवाज जागेप्रमाणे बदलायचा, गालावर वेगळा, गळ्यावर वेगळा. पण एकाच गालावर एका ओढीला एक आणि दुसऱ्या ओढीला भलताच, असा तो कधीच नव्हता. मी हात थांबवला. चूक कातडीची नव्हती. रेझरच्या दोन बाजू दोन वेगळ्या रेझरांसारख्या वागत होत्या.

कापण्याचा हिशेबही तिथेच लागला. एक बाजू इतकी मवाळ होती की केस मागे राहायचे. केस राहिले की माझा हात आपोआप जड व्हायचा. मग त्याच जड हाताने मी रेझर उलटा करायचो, आणि दुसरी बाजू जहाल. तीन तुकड्यांच्या रेझरचा दांडा चारी बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे कुठली बाजू वर आहे हे कळायचं नाही. कधी डावा गाल जहाल बाजूला सापडायचा, कधी उजवा.

*

त्या रात्री मी रेझर घेऊन ट्यूबलाइटखाली बसलो. तसा तो नुसता समोरून पाहिला तर काही दिसत नाही. टोपी आरशासारखी चमकते, पातं तिच्याखाली लपतं. बघायचं ते आडव्या बाजूने, रेझरच्या टोकाकडून, डोळ्याच्या रेषेत धरून, मागे पांढरी भिंत किंवा उजेड ठेवून. तसं धरलं की टोपीची कमान, तिच्याखालून दोन्हीकडे बाहेर डोकावणारं पातं आणि पात्याखालची दांडी, म्हणजे प्लेटची कातडीला टेकणारी कड, ही सगळी रचना एका नजरेत येते. दोन्हीकडची फट सारखी हवी. इथे एकीकडे पातं दांडीला जवळजवळ चिकटलेलं आणि दुसरीकडे फट उघडी दिसत होती.

पुढचे काही दिवस रात्री अण्णांच्या उशाशी बसून मी या एकाच गोष्टीमागे लागलो. त्यातलं जे हाती आलं ते इथे लिहितो, कारण तेव्हा मला ते कुणी मराठीत सांगितलं असतं तर अण्णांच्या गालावरचे चार-पाच ओरखडे वाचले असते.

आधी हे समजून घ्यायला हवं की दुधारी पातं रेझरमध्ये थोडं ढिलं बसणार, हे त्याच्या जन्मातच आहे. फेकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी फिरत्या विक्रेत्याला 1895 साली सुचली. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार टिकवायची कशी, हे कोडं विल्यम निकर्सन या इंजिनिअरने सोडवलं. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 पाती खपली. 1904 साली पेटंट मिळालं आणि त्या एका वर्षात रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. सुरुवातीच्या पात्याला तीन गोल भोकं असत. मधे लांब फट असलेलं आजचं पातं 1930 च्या आसपास आलं, आणि नंतर जगभरच्या कारखान्यांनी तोच आकार धरला. म्हणूनच ठाण्यात बनलेलं पातं जर्मन रेझरमध्ये बसतं आणि रशियन पातं अण्णांच्या पितळी रेझरमध्ये.

पण कुणाचंही पातं कुणाच्याही खुंटीवर बसायचं तर मधे थोडी मोकळीक ठेवावीच लागते. टूलरूमच्या भाषेत हा ‘प्ले’. हे लहानपणापासून अण्णांच्या तोंडून ऐकलेलं: प्ले नसेल तर पार्ट बसत नाही, जास्त झाला तर पार्ट टिकत नाही. पात्याची रुंदी 22 मिलिमीटर, जाडी 0.1 मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाइतकी. खुंटीभोवती केसभर मोकळीक असली तर तेवढं ते एकीकडे सरकतं, किंवा खुंट्यांवर किंचित फिरतं. नुसतं सरकलं तर एका बाजूची धार लांबीभर जास्त बाहेर येते. फिरलं तर धार तिरकी होते, एका बाजूचा डावा कोपरा बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा उजवा. डोळ्याला हा फरक जेमतेम दिसतो, पण गालाला लगेच कळतो.

यावरचा उपाय सोपा आहे. रेझर उलटा धरून जोडायचा: टोपी तळहातावर उताणी, तिच्या खुंट्यांवर पातं, वर प्लेट, मग दांडा. दांडा पूर्ण आवळण्याआधी अर्धा वेढा ढिला ठेवायचा, पात्याची दोन आखूड टोकं, ज्यांना धार नसते ती, अंगठा आणि पहिल्या बोटाने टोपीकडे दाबून धरायची आणि तसंच धरून आवळायचं. आवळायचं तेही बेताने, पितळेचे आटे ताकदीने जातात. मग टोकाकडून बघायचं. दहातल्या नऊ वेळा इथेच काम होतं.

होत नसेल तर दोष कुणाचा ते शोधायचं. फक्त पातं काढून, उलट न करता, टोकाला टोक बदलून फिरवून घालायचं. जहालपणा पात्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर पातं वाईट, फेकून द्या. जागचा हलला नाही तर दोष रेझरचा. कागदी वेष्टणात पातं सरकू नये म्हणून मेणाचे ठिपके लावलेले असतात, ते कधी खुंटीपाशी चिकटून राहतात. साबणाचा आणि क्षारांचा थर हे तर आमच्याकडच्या पाण्यात पहिलं कारण. प्लेटच्या भोकात थर बसला की प्लेट पूर्ण खाली बसत नाही. अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढंच पाणी, दहा मिनिटं, मग घासायचं. मुलाम्यावर जास्त वेळ ठेवू नये.

याच शोधात एक गोष्ट कळली आणि तिचं मला फार अप्रूप वाटलं. जर्मनीत सोलिंगनला असेही रेझर बनतात ज्यांत पातं मुद्दाम तिरकं, पीळ देऊन धरलेलं असतं. विळीवर भाजी सरळ दाबण्यापेक्षा ओढून चिरली की सोपी जाते, तसा तो केस तिरका कापतो, आणि राठ दाढीवाले लोक तो आवडीने वापरतात. म्हणजे पातं तिरकं असणं हा काही आपल्या आपण दोष नाही. तिरकेपणा मोजून दिलेला असला तर तो गुण आहे. आपल्या नकळत आलेला असला तर रक्त काढतो.

*

मी पातं टोकाला टोक फिरवून पाहिलं. जहाल बाजू जागची हलली नाही. म्हणजे दोष रेझरचा होता. खरं सांगायचं तर मला त्या रात्री रडू आलं. पन्नास वर्षं या माणसाने याच रेझरने दाढी केली, कधी कापून घेतल्याचं मला आठवत नाही, आणि माझ्या हातात आल्यावर दोन महिन्यांत तो निकामी झाला असं वाटलं.

नवा रेझर मागवावा या विचारापर्यंत आलो होतो. तरी एकदा व्हिनेगरने नीट साफ करू म्हणून तिन्ही तुकडे वाटीत टाकले. बाहेर काढून घासताना टोपीच्या आखूड कडेवर, अगदी टोकाला, काहीतरी नखाला लागलं. थर निघाला तसं दिसलं: एक खाच. तिकोनी कानशीने एकच घाव घालून पाडलेली, गव्हाच्या दाण्यापेक्षाही बारीक. पडल्या-आपटल्याचा पोचा असा नसतो. मी प्लेट उचलून तिची कड नखाने चाचपली. तिच्याही एका टोकाला तशीच खाच होती. दुसऱ्या टोकाला नव्हती.

मी फिटरचा मुलगा आहे, हे मला ओळखता यायलाच हवं होतं. जोडीच्या पार्टवर खूण मारायची असते. इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचे दोन अर्धे भाग असतात, त्यांच्यावर नंबर घालतात, कारण ते एकत्र बसवूनच आतून तासलेले असतात. एकाचा अर्धा दुसऱ्याला लावला किंवा उलटा लावला तर बसतो, बोल्टही आवळले जातात, आणि तरी बेअरिंग जातं. अण्णा शनिवारी घरी सायकल मोकळी करायचे तेव्हासुद्धा काढण्याआधी खडूने खुणा करायचे. ‘काढताना बघितलं नाहीस तर लावताना काय बघशील?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकू यायचंच बंद झालं होतं.

प्लेट फिरवली, खाचेला खाच लावली, पातं घातलं, टोकं दाबून दांडा आवळला आणि उजेडासमोर धरला. दोन्हीकडची फट सारखी.

एवढ्यावर समाधान होईना. माळ्यावर अण्णांची हत्यारांची पेटी आहे. तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला फिलर गेज तिच्यात सापडला, पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, प्रत्येकीवर जाडी कोरलेली. धार जाऊ नये म्हणून जुनं पातं घालून मोजलं. खाचेला खाच नसताना एका बाजूच्या फटीत 0.50 ची पट्टी जेमतेम जात होती, दुसऱ्या बाजूला 0.80 ची सहज. खाचा जुळवल्यावर दोन्हीकडे 0.65.

आता कळलं ते असं. टोपीची एक बाजू मुळातच केसभर खाली उतरलेली आहे, म्हणून त्या बाजूला ती पातं जास्त वाकवते. प्लेटचीही एक दांडी तेवढीच खाली आहे. कारखान्यातून निघतानाच तशी असतील किंवा कधी शहाबादी फरशीवर पडून झाली असतील. दोन्ही खालच्या बाजू एकीकडे आल्या तर फट दोन्हीकडे सारखी राहते. विरुद्ध आल्या तर एकीकडे बुजते आणि दुसरीकडे उघडते, आणि दोघींचा दोष एकमेकीत मिळवला जातो. मी पहिल्याच दिवशी, मायेने स्वच्छ करताना, प्लेट उलटी लावली होती. पुढे दर पात्याला कधी सुलटी, कधी उलटी. म्हणून मधे आठवडाभर सगळं सुरळीत चालायचं आणि मला वाटायचं, हात बसला.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अण्णांना ती दांडी सरळ करता आली असती. ज्या हातांनी डाय घासून शतांश मिलिमीटरवर आणल्या त्यांना पितळेची दांडी सरळ करणं म्हणजे काही काम नव्हतं. पण केली नाही. पितळ पुन्हा पुन्हा वाकवलं तर तडकतं, हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनी एकाचा वाकडेपणा दुसऱ्याच्या वाकडेपणात बसवला, खूण केली आणि पन्नास वर्षं वापरला. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण तो रेझर दुसरं कुणी उघडेल असं त्यांना वाटलंच नसणार. त्यांच्या टूलरूममधल्या कामाची किती तरी अशी मोजमापं असतील, जी फक्त हातांना माहीत होती आणि आता त्यांना ती सांगायला शब्द नाहीत. मी त्यांच्या नोकरीबद्दल आयुष्यभर काही विचारलं नव्हतं. पगार किती, बोनस किती, पाळी कुठली, एवढंच आमच्या घरात बोललं जायचं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना उशांना टेकवून बसवलं, फेस केला आणि पहिला फटकारा ओढला. मग रेझर उलटा करून दुसरा. दोन्ही सारखे. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. अण्णांनी डोळे मिटले होते, पण ट्रिमरच्या वेळी मिटायचे तसे नाही.

झाल्यावर मी टोपी आणि प्लेट सुटी करून त्यांच्या समोर धरली आणि दोन्ही खाचांवर बोट ठेवलं. ‘अण्णा, हीच ना? ही तुम्ही पाडलीत ना?’ त्यांनी डाव्या हाताचा पंजा वर केला. पालथा, उताणा. पालथा, उताणा. मग ‘हं’ म्हणाले, आणि बराच वेळ ‘हं, हं’ म्हणत राहिले. दोन महिने ते मला प्लेट उलटी कर असंच सांगत होते, हे मी आता धरूनच चालतो.

त्यानंतर आजतागायत गोळ्या चालू असूनही त्यांच्या गालावर रक्त आलेलं नाही. हात हलका पडायला लागला, कारण दाबायची गरजच उरली नाही. एका जागेवरून एकदाच फिरवतो, केसांच्या दिशेने. उलट्या दिशेने ते स्वतः करायचे, मी करत नाही. गळ्याखाली मला अजूनही भीती वाटते.

पातं दर रविवारी बदलतो. पूर्वी मी ते मोरीत उभा राहून करायचो, आता त्यांच्या पलंगाशी बसून करतो. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या की डाव्या हाताला बारीक कामं द्या. मांडीवर टॉवेल पसरतो, टोपी माझ्या तळहातावर उताणी धरतो, पातं मी घालतो, आणि प्लेट त्यांच्या डाव्या हातात देतो. ते बघत नाहीत. अंगठ्याने कड चाचपतात, खाच सापडली की प्लेट फिरवून घेतात आणि माझ्या तळहातावरच्या टोपीवर बसवतात. दांडा मी आवळतो. पहिल्या रविवारी याला दहा मिनिटं लागली, प्लेट दोनदा टॉवेलवर पडली.

या रविवारी दांडा आवळून मी रेझर खाली ठेवणार इतक्यात त्यांनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, आडवा, टोकाकडून, एक डोळा मिटून. सकाळचं ऊन होतं. बराच वेळ बघितलं आणि ‘राहू दे’ म्हणून माझ्या हातात परत दिला. मी तसाच उजेडासमोर धरला. मला सारखंच दिसत होतं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. पात्याचं एक टोक वर उचललं गेलं होतं, कागदाच्या जाडीइतकं. टोकं दाबून धरायला मी विसरलो होतो.

दांडा अर्धा वेढा सैल केला, दोन्ही टोकं दाबली, आवळला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पुन्हा एक डोळा मिटून पाहिलं. मग उशीवर मान मागे टाकली आणि हनुवटी वर केली.